आधी टाकीचा तळ, मग इंजिन

वाचक विचारतात

पावसाळा सरता सरता या सदराकडे पाण्याच्या तक्रारी येतात, हे ठरलेलंच. या वेळी बहुतेक पत्रांत पाणी इंधनात शिरलंय. त्यातली दोन पत्रं चक्क बोटींची आहेत आणि दोन्ही इंदूरहून आली आहेत. बोटींचीच आधी घेतो. मोटार रस्त्यात बंद पडली तर माणूस खाली उतरून ढकलतो. बोटीत ती सोय नाही.

प्रश्न : काका, मी रामबागेत राहतो. माझा मेहुणा कोकणात हर्णैला असतो आणि त्याच्या मासेमारीच्या बोटीत माझेही पैसे आहेत. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली होती. ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवली. इंजिन लगेच सुरू झालं, पण धक्क्यापासून थोडं पुढे गेल्यावर रेस आपोआप कमीजास्त व्हायला लागली, पांढरा धूर आला आणि इंजिन बंद पडलं. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. फिल्टरच्या वाटीतून आणि टाकीच्या तळातून मिळून दोनेक लिटर पाणी निघालं. टाकी ४०० लिटरची आहे. बंदीत ती अर्धी रिकामी होती, म्हणून आत घाम धरला असं मेहुणा म्हणतो. उतरवायच्या आधी अंगणातल्या पिंपातलं डिझेल त्यात भरलं होतं. मिस्त्री म्हणतो डिझेल दाबाने पुढे सोडणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी सहाही नोझल काढून तपासणीच्या बेंचवर पाठवा. मेहुण्याने पैसे मागितलेत. पाठवू का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नका पाठवू. निदान आज नको. इंदूरच्या नवलख्याला ज्याचं घर पंप-नोझलच्या बेंचवर चाललं, तो माणूस हे सांगतोय, म्हणजे पंप उघडण्याशी माझं काही वैर नाही हे लक्षात घ्या. पण तुमच्या पत्रात पंप खराब झाल्याची एकही खूण नाही. इंजिन लगेच सुरू झालं, काही वेळ नीट चाललं, मग मेलं. नळीत आणि फिल्टरमध्ये जे चांगलं डिझेल होतं तेवढ्यावर ते चाललं आणि मागून पाणी आल्यावर थांबलं. बिचाऱ्याने दुसरं काय करायचं?

पहिली गोष्ट, त्या घामाचा हिशेब करून बघा. अर्ध्या रिकाम्या टाकीत २०० लिटर हवा. ३० अंश तापमानाची, ओलाव्याने गच्च भरलेली हवा घेतली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे २०० लिटरमध्ये ६ ग्रॅम, चहाचा एक चमचा आणि वर थोडं. टाकी दिवसा तापते, रात्री निवते, तेवढी हवा आतबाहेर होते. दहा अंशांचा फरक धरला तर रोज सहा-सात लिटर हवा नवी येते. तिच्यात वाफ किती, तर ग्रॅमचा पाचवा हिस्सा. ती सगळीच्या सगळी तळाशी उतरली असं मानलं, तरी दोन महिन्यांत १२ ग्रॅम. सगळं मिळून २० ग्रॅमच्या आत. तुमचं पाणी दोन लिटर, म्हणजे त्याच्या शंभरपट! टाकी भरून ठेवावी हा सल्ला चुकीचा नाही, पण बोटींच्या दुनियेत या घामावर फार मोठा दोष ढकलला जातो. घामावर ढकललं की कुणाला झाकण तपासावं लागत नाही.

मग पाणी आलं कुठून? माझा संशय त्या पिंपावर आहे. अंगणात उभं ठेवलेलं २०० लिटरचं पिंप कोकणातल्या पावसात काय करतं ते बघा. वरच्या कडेच्या आत पाण्याचं तळं साचतं आणि दोन्ही बुचं नेमकी त्या तळ्यात बुडतात. दुपारी ऊन पडलं की पिंप तापतं, आतली हवा फुगून आट्यांमधून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की पिंप निवतं, आतली हवा आकसते आणि बाहेरची गोष्ट आत ओढून घेते. बाहेर काय आहे? पाणी. बूच हाताने गच्च आवळलेलं असलं तरी हे होतं. पाऊसभर रोज हेच चाललं की तळाशी लिटरच्या लिटर जमतात. म्हणून पिंप उघड्यावर ठेवायचंच असेल तर आडवं ठेवतात, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. तेव्हा बुचांना आतून डिझेल लागलेलं राहतं आणि वर पाणी साचत नाही. आडवं ठेवायला जागा नसेल तर एका बाजूला फळीचा तुकडा सारून ते असं तिरकं करायचं की दोन्ही बुचं उताराच्या डाव्या-उजव्या हाताला, एकाच उंचीवर राहतील आणि पाणी त्यांच्यापासून दूर, खालच्या बाजूला साचेल. पिंपातलं डिझेल ओतण्यापूर्वी ते रात्रभर न हलवता ठेवायचं आणि उपसायची नळी तळापासून चार बोटं वर धरायची. तळातलं शेवटचं डिझेल वाचवायच्या नादात माणसं बोट बंद पाडतात.

दुसरा संशय डेकवरच्या भरायच्या तोंडाचा. त्या झाकणाखालची रबरी रिंग उन्हाने कडक होते, मग लाटेचं पाणी डेकवरून वाहताना थोडं थोडं आत जातं. तिसरा, टाकीच्या हवेच्या नळीचा. तिचं तोंड खाली वळलेलं असायला हवं.

पिंप की समुद्र, हे घरबसल्या कळू शकतं. निघालेलं पाणी फेकलं नसेल तर डिझेलखालून चार थेंब घ्या आणि स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवा. (गॅसवर नको, त्यात डिझेल आहे.) समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे पांढरा जाड डाग उरेल. पावसाचं असेल तर जवळजवळ काहीच उरणार नाही. मीठ निघालं तर मात्र घाई करा, कारण खारं पाणी पंपात राहिलं तर गंज फार लवकर धरतो.

आता इंजिनाकडे. सगळ्यात आधी सेल्फ मारणं बंद. प्रत्येक वेळी सेल्फ मारला की थोडं पाणी आणखी पुढे, पंपाकडे ढकललं जातं. पंपातल्या प्लंजरला (डिझेल दाबणाऱ्या, वरखाली होणाऱ्या दांड्याला) आणि नोझलच्या सुईला वंगण मिळतं ते डिझेलचंच, वेगळं ऑइल तिथे नसतं. प्लंजर आणि त्याच्या घराच्या मध्ये फट असते दोन ते चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्या फटीत डिझेलऐवजी पाणी गेलं की धातूवर धातू घासतो. आणि नोझलच्या गरम टोकाशी आलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर टोकच फुटू शकतं. तरीही एकदा पाणी आलं की पंप गेलाच, असं होत नाही. पाणी आत ठेवून इंजिन आठवडाभर उभं केलं तर मात्र जातो. मिस्त्री पंप खोलून पिशवीत घालून रत्नागिरीला किंवा पुण्याला पाठवतील, तो रस्त्यातच गंजेल.

मेहुण्याला आजच हे करायला सांगा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, ओळखीच्या पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल त्यात भरायचं. टाकीकडून येणारी नळी सोडायची आणि फिल्टरकडे जाणारी नळी कॅनमध्ये घालायची. रिटर्नची नळी, म्हणजे उरलेलं डिझेल इंजिनाकडून परत आणणारी, तीही त्याच कॅनमध्ये. हे सगळे विसरतात, मग डिझेल टाकीत परत जातं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन पंपापेक्षा थोडा उंच, दोरीने बांधलेला, गरम एग्झॉस्टपासून लांब. दोन्ही फिल्टर नवे. कागदी फिल्टर पाण्याने फुगतो आणि वाळवून पुन्हा कामाचा राहत नाही, तिथे कंजूषपणा नको. वाटी पुसून घ्या, नवे फिल्टर डिझेल भरूनच बसवा. मग एअर काढायची, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा. आधी फिल्टरवरचा स्क्रू, हाताच्या प्रायमरने (डिझेल पुढे ढकलायच्या छोट्या हातपंपाने) दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. नंतर पंपावरचा स्क्रू. शेवटी दोन नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग सेल्फला विश्रांती. त्या सैल नटाजवळ बोट न्यायचं नाही. जुन्या पद्धतीच्या नोझललाही उघडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो, आणि तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ते सरळ ऑपरेशनचं प्रकरण असतं. इंजिन नव्या कॉमन रेल पद्धतीचं (सगळ्या नोझलना एकाच दाबनळीतून डिझेल देणारं) असेल तर पाइप अजिबात सैल करू नका, तिथला दाब याच्या कितीतरी पट आहे. तुमचं सहा सिलिंडरचं, जुन्या पद्धतीच्या लायनीतल्या पंपाचं (सगळे प्लंजर एका ओळीत असलेल्या) आहे असं पत्रावरून वाटतं.

आणि एक गोष्ट खास बोटीची, ट्रकच्या मिस्त्रीला ती सुचणार नाही. ज्या बोटीत इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी एग्झॉस्टमध्येच सोडलेलं असतं, तिथे इंजिन पेट न घेता सेल्फवर फिरत राहिलं तर पाण्याचा पंपही फिरतो आणि पाणी सायलेन्सरमध्ये साठत जातं. ते बाहेर ढकलायला धूर नसतो. शेवटी ते उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. डिझेलमधलं पाणी काढायला गेलात आणि इंजिनच पाण्याने भरलंत, असं व्हायला नको. म्हणून सेल्फ मारताना समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद ठेवायचा, आणि इंजिनाने पेट घेतला की त्याच क्षणी उघडायचा. एक माणूस फक्त त्या कॉकवर हात ठेवून बसवा. एग्झॉस्ट कोरडा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

कॅनवर इंजिन नीट चाललं, तर उत्तर मिळालं : इंजिन बरं आहे, आजारी आहे ती टाकी. अर्धा तास धक्क्यालाच बांधून कमी रेसवर चालवा, पंप स्वच्छ डिझेलने धुतला जाईल. ऑइलची काडीही काढून बघा. पातळी वाढली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदलूनच पुढे जा.

कॅनवरही एक-दोन सिलिंडर मिसिंग करत राहिले (मधूनमधून पेट घेईनात), पांढरा धूर जाईना, तर आधी फक्त नोझल काढून टेस्टवर लावा. फवारा फुटतोय की टपकतंय ते तिथे दोन मिनिटांत दिसतं. पंप सगळ्यात शेवटी. नोझल ठीक आणि तरी मिसिंग, मग पंप पाठवा आणि तेव्हा पैसेही पाठवा.

टाकीचं काम शांतपणे करा. बोट बांधून एक रात्र स्थिर राहू द्या. डिझेलची घनता पाण्याच्या ०.८३ पट आहे, पाणी आपोआप तळाशी जातं, पण लाटांवर डुलणाऱ्या बोटीत त्याला ती सवड मिळत नाही. तुमचं इंजिन धक्क्यावर चाललं आणि बाहेर मेलं ते म्हणूनच, तळाचं पाणी हिंदकळून उपसनळीच्या तोंडाशी आलं. तळाचा कॉक असेल तर त्यातून काचेच्या बाटलीत काढत जा, निव्वळ डिझेल येईपर्यंत. कॉक नसेल तर तोंडातून नळी घालून हातपंपाने उपसा. बोट मागे बसलेली असेल तर पाणीही टाकीच्या मागच्या कोपऱ्यातच असणार. उरलेलं डिझेल बाटलीत धरून उजेडात बघा. आरपार चमकतंय तर चालेल. ताकाच्या निवळीसारखं धुरकट असेल तर त्यात पाण्याचे सूक्ष्म कण तरंगतायत, ते आणखी दोन-तीन दिवस बसू द्या.

आणि बाटलीत पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट-तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसला, तर प्रकरण वेगळं. ती बुरशी. हॉर्मोकोनिस रेझिनी हे तिच्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव, विमानाच्या इंधनाच्या टाक्यांतही तिने उच्छाद मांडलेला आहे. ती पाण्यात राहते आणि डिझेल खाते. अशा वेळी टाकीचं मोठं झाकण उघडून आतून पुसून काढावी लागते, मग जंतुनाशक औषध. नुसतं औषध ओतलं तर मेलेला थर सुटून फिल्टरमध्ये जातो आणि दर तासाला फिल्टर बदलत बसावं लागतं. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण मेहुण्याला मुद्दाम विचारा. पत्र लिहिणारे नेमकं हेच लिहीत नाहीत.

प्रश्न : आमच्या भागातल्या मुलांचं मदत-पथक आहे. एका दात्याने रबरी बोट आणि १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) दिलंय. गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या वेळी चालवलं होतं, त्यानंतर तसंच ठेवलं. २५ लिटरच्या सुट्या टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं. या जूनमध्ये दोरी ओढून ओढून हात दुखले, एकदा फटफट करून बंद. टाकी कलती केली तर तळाशी वेगळा थर दिसतो. वरचं पेट्रोल मात्र स्वच्छ आहे. तेवढं अलगद काढून वापरावं का?
— एक स्वयंसेवक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही. वरच्या पत्रातल्या गृहस्थांना मी डिझेल वाचवायला सांगितलं, तुम्हाला पेट्रोल सोडून द्यायला सांगतोय, आणि फरक इथेनॉलचा आहे.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आधी १० टक्के इथेनॉल होतं, आता २० टक्के असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी आलं तर ते त्याला धरून पेट्रोलमध्येच विरघळलेलं ठेवतं, तुम्हाला काही दिसत नाही. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये १५ अंशांना सुमारे अर्धा टक्का पाणी असं मावतं, २५ लिटरला १२५ मिलिलिटर. २० टक्क्यांच्यात याहून जास्त मावतं. पण ती मर्यादा ओलांडली, किंवा जानेवारीतल्या थंडीच्या रात्री मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. तुम्हाला दिसलेला थर नुसतं पाणी नाही, ते पाणी आणि इथेनॉल आहे. वर राहिलेल्या स्वच्छ पेट्रोलमधून इथेनॉल गेलं, आणि त्याच्याबरोबर ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळायचा गुणही गेला. अशा पेट्रोलवर इंजिन ठोके देतं. टू-स्ट्रोक आउटबोर्ड पुराच्या पाण्यात पूर्ण रेसवर ठोके देत चाललं तर पिस्टन गमावून बसाल, तोही माणसं बोटीत असताना. वरून ताजं पेट्रोल ओतून हलवण्याचाही सल्ला कुणीतरी देईल. ऐकू नका.

टाकी पूर्ण रिकामी करा. मोकळ्यावर, बोअरच्या मोटरच्या स्विचपासून लांब, धातूच्या डब्यात, आणि डबा जमिनीवर ठेवून. टाकीत हात न घालता टॉर्चने बघा, तळाला बुळबुळीत किंवा गंजाचा थर असेल तर ताज्या पेट्रोलने खळबळून तेही टाका. दाबायच्या रबरी फुग्याची नळी सोडून तिच्यातलं काढा. नळी आतून चिकट किंवा फुगलेली वाटली तर बदलाच, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून वाटी रिकामी करा. पाणी असेल तर पेट्रोलमध्ये मोत्यासारखे मणी वेगळे दिसतील. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) काढून फुंका, तार घालू नका. प्लग काढून पुसा, भोक उघडं असताना दोरी हळूच दोनदा ओढा, आणि तेव्हा प्लगची वायर मोकळी लटकू देऊ नका, ठिणगी पडते. नवं पेट्रोल, त्यात कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात ऑइल. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर.

खरा उपाय ऑक्टोबरमध्ये करायचा. मोसम संपला की टाकी रिकामी. इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभं करून चालवायचं, नळी सोडायची आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपणहून बंद पडू द्यायचं. पाण्याशिवाय कोरडं कधीच नाही, थंड करणाऱ्या पंपाचं रबर क्षणात जळतं. (इंजेक्शनचं आउटबोर्ड असेल तर असं कोरडं करू नका, पुस्तिका बघा.) ऑइल न मिसळलेलं पेट्रोल उरलं असेल तर ते महिन्याभरात कुणाच्यातरी स्कूटरमध्ये घालून संपवा. मदत-पथकाकडे पेट्रोलचा साठा असलाच पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल. उलट आहे. साठ्यातलं पेट्रोल म्हणजे पूर आला त्याच दिवशी बंद पडणारं इंजिन. पावसाळ्यात दर पंधरवड्याला टाकीतलं पेट्रोल बदला, आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ठेवताना बंद केलाय ना, हे त्याच दिवशी बघा. माझी शंका आहे की तुमचा वर्षभर उघडाच होता.

प्रश्न : पेट्रोलमध्ये भेसळ बघायला मी बाटलीत थोडं पाणी आणि पेट्रोल घालून हलवलं. पाणी दुपटीहून जास्त झालं! पंपवाला पाणी विकतोय का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही हो. तुम्ही इथेनॉल मोजलंत. मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवलं, तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असल्यास खालचा थर २८ च्या आसपास येतो, कारण १८ मिलिलिटर इथेनॉल वरून उतरून पाण्यात जातं. असे व्हिडिओ गल्लोगल्ली फिरतायत आणि प्रत्येकात पंपवाल्याला शिव्या आहेत.

पाणी आहे का हेच बघायचं असेल तर आपल्याकडून पाणी घालायचं नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत नुसतं पेट्रोल किंवा डिझेल घ्या, अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर त्यात जिलबीत घालतात तो खायचा रंग चिमटीने टाका. सियागंजात किराण्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पाण्यात विरघळणारा रंग तेलात विरघळत नाही. तळाचा थर केशरी झाला तर पाणी आहे, रंग नुसताच कोरडा तळाला जाऊन बसला तर नाही. ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढं घरातल्यांच्या वतीने सांगतो.

प्रश्न : पंपावरूनच पाणी आलं हे सिद्ध कसं करायचं? रतलामचं प्रकरण झाल्यापासून भीती वाटते.
— एक वाचक, देवास

उत्तर : ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : जून २०२५ मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यावर बंद पडल्या होत्या. टाक्या खोलल्या तर पाणी. सामान्य माणसाची एकच गाडी बंद पडते, त्यामुळे लोक त्याच्या गाडीलाच नावं ठेवतात.

पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची चाचणी आणि पाच लिटरचं माप, हे तिन्ही मागता येतं. पण घनतेच्या चाचणीवर विसंबू नका. ती नळीतून आत्ता आलेल्या इंधनाची असते, आणि पाणी बसलेलं असतं जमिनीखालच्या टाकीच्या तळाशी. तुम्ही मागायची गोष्ट म्हणजे पाणी शोधणारी पेस्ट लावून टाकीत दांडी घालणं. पेस्टचा रंग जिथपर्यंत बदलला तिथपर्यंत पाणी. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते, साधी पेस्ट फसवू शकते, तेही विचारा. जोरदार पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा टँकर खाली होत असताना भरूच नका, तळ ढवळलेला असतो. आणि बंद पडलात तर मिस्त्रीने टाकी रिकामी करण्याआधी दोन बाटल्या नमुना काढा, एक पंपवाल्यासमोर सील करा, बिल जपून ठेवा. टाकी धुतल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो.

प्रश्न : इंधनातलं पाणी ‘गायब’ करणारी बाटली बाजारात मिळते. घालू का?
— एक वाचक, उज्जैन

उत्तर : पाणी गायब होत नाही, विरघळून इंजिनातून जातं. डिझेलमध्ये ते नोझलमधूनच जाणार, जिथे ते नको म्हणून आपण एवढी खटपट करतोय. तळाचा कॉक उघडायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : टाकीतून काढलेलं पाणी-डिझेल कुठे टाकायचं? मिस्त्री म्हणाला नाल्यात सोडा.
— एक वाचक, महेश्वर

उत्तर : तुमच्या महेश्वरात नाला म्हणजे नर्मदा, आणि तुमच्या वरच्या अंगाच्या जलूदहून नळाने आमच्या इंदूरच्या घरात येते तीही हीच नदी, त्यामुळे नाल्यात अजिबात सोडू नका. बरणीत दोन दिवस बसू द्या, वरचं डिझेल वेगळं काढा. खालचं आणि जुनी फिल्टरं झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्या. तो दोन रुपये देणार नाही, पण घेईल.